देव, धर्म आणि विज्ञान यांवर वाद कसा घालावा

श्रावणात नागपंचमी उलटली की पुढच्या रविवारी आमच्या खानदेशी भाऊबंदांत कानबाई, म्हणजे नारळाच्या रूपात पुजली जाणारी देवी, बसते. रोटांचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याचे, गहू दळून झालेले असतात, पुण्या-मुंबईकडे नोकरीला गेलेली मुले गाड्यांना उभे राहून परतलेली असतात आणि घरात पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका रविवारी, भौतिकशास्त्राची पदवी नुकतीच हातात पडलेली असताना, नारळाला नथ घातली की त्यात देवी येते याला पुरावा काय, असा प्रश्न मी आमच्या थोरल्या काकूला, म्हणजे मोठमायला, सगळ्यांसमोर विचारला. तिने कणीक मळणारा हात न थांबवता सांगितले, "देव शे का नही ते तू ठरव, पन रोट खावाले ये." तिला उत्तर देता आले नाही, असा निष्कर्ष काढून मी त्या दिवशी बराच खूश होतो. मोठमाय देवीच्या अस्तित्वाबद्दल काही म्हणतच नव्हती, वर्षातून एकदा विखुरलेले सगळे घर एका चुलीवर जेवावे एवढेच तिचे म्हणणे होते आणि तिने न केलेल्या दाव्याचे मी खंडन करत बसलो होतो, हे कळायला मला पुढची बरीच वर्षे लागली.

देव, धर्म आणि विज्ञान यांवर वाद घालणाऱ्यांसाठी, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, पुढची पद्धत मी त्या चुकीपासून जुळवत आणलेली आहे. माझा कल लपवण्यात अर्थ नाही, तेव्हा तो आधीच सांगतो: मी देव मानत नाही आणि रोट खातो. वाचकाने हे लक्षात ठेवूनच माझे म्हणणे तपासावे.

दावा कोणता, हे आधी ठरवावे

चैत्रात खानदेशातून हजारो माणसे सप्तशृंगगडाकडे पायी निघतात. त्यांतला एखादा परतल्यावर म्हणतो, "गडावर पायी गेलो आणि माझा दमा हटला. देवी आहे म्हणूनच ना? जुन्या माणसांनी उगाच का सांगून ठेवले आहे?" या तीन लहान वाक्यांत निदान चार दावे आहेत. दमा कमी झाला, ही एक घटना आहे. पायी जाण्यामुळे तो कमी झाला, हे त्या घटनेचे कारण आहे. ते कारण देवीच्या कृपेने घडले, हा अस्तित्वाचा दावा आहे. जुन्यांचे म्हणणे प्रमाण मानावे, हा प्रमाणाचा दावा आहे. पहिला दावा डॉक्टरांचे कागद पाहून तपासता येतो. दुसऱ्यासाठी वीस-पंचवीस दमेकऱ्यांची नोंद ठेवावी लागेल. तिसरा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. आणि चौथ्याला, कोणत्या जुन्या माणसांनी नेमके काय सांगितले, असा प्रतिप्रश्न विचारावा लागतो. बहुतेक वेळा आस्तिक पहिल्या दाव्याचा आधार घेऊन तिसऱ्यावर उडी मारतो आणि नास्तिक तिसऱ्याला विरोध करण्याच्या भरात पहिलाही नाकारतो, म्हणजे समोरच्याला स्वतःच्या छातीबद्दल खोटारडा ठरवतो. त्यानंतर त्या दोघांत बोलणे शिल्लक राहत नाही.

म्हणून उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे सुटे करून त्यालाच विचारावे की भाऊ, यातले कोणते तुम्हाला ठामपणे म्हणायचे आहे. अनेकदा उत्तर येते की देवीचे राहू द्या, चालल्याने बरे वाटले एवढेच सांगत होतो. तसे असेल तर वाद घालण्यासारखे काही उरतच नाही.

एका जातीचा दावा मात्र असा गप्पांचा विषय समजू नये. सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर एका बाईला डाकीण ठरवले जाते, तेव्हा तिथे ईश्वराच्या अस्तित्वाची चर्चा चाललेली नसते. एका जिवंत बाईच्या जिवावर बेतलेले असते. तिथे तर्क लढवत बसण्यापेक्षा पोलिसांना आणि काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना कळवणे पहिले. नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांच्याविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१३ सालचा आहे. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला, हेही या विषयावर तोंड उघडणाऱ्याने विसरू नये.

शब्दांचे अर्थ जुळवून घ्यावेत

मराठीत हा वाद अर्ध्या वेळा शब्दांमुळेच फसतो. 'नास्तिक' हा शब्द घ्या. आज आपण देव न मानणाऱ्याला नास्तिक म्हणतो. मनुस्मृतीत मात्र वेदाची निंदा करणाऱ्याला नास्तिक म्हटले आहे. त्या अर्थाने पाहिले तर वेदाला सर्वोच्च मानणारा परंतु जग निर्माण करणाऱ्या ईश्वराची गरज न मानणारा पूर्वमीमांसक, म्हणजे वैदिक कर्मकांडाचा विचार करणाऱ्या दर्शनाचा अनुयायी, आस्तिक ठरतो, आणि सांख्य दर्शनाचे जुने अनुयायीही ईश्वराशिवायच मांडणी करून आस्तिकांत बसतात. उलट आत्मा, कर्म आणि मोक्ष या तिन्हींवर निष्ठा असलेला, चातुर्मासात सूर्यास्तानंतर पाणीही न घेणारा जळगावच्या बाजारपेठेतला जैन व्यापारी जगाचा निर्माता मानत नाही म्हणून आजच्या अर्थाने नास्तिक ठरेल काय? तो स्वतः हे मान्य करणार नाही. तेव्हा सुरुवातीलाच विचारावे: तुम्ही कोणता देव मानता किंवा मानत नाही, जग घडवणारा, नवसाला पावणारा, की न्याय करणारा? या तिघांविषयीचे युक्तिवाद वेगवेगळे आहेत.

'धर्म' हा शब्द आणखी पसरट आहे. "पाण्याचा धर्म", "शेजारधर्म", "दारी आलेल्याला धर्म घाल" आणि "कोणत्या धर्माचे?" यांत तो चार अर्थांनी येतो. शेजारधर्माचा गौरव करणाऱ्याला धर्मयुद्धांचा इतिहास ऐकवणे म्हणजे त्याच्या शब्दावर पाय ठेवून घसरणे होय. 'विज्ञान' या शब्दाचेही तसेच आहे. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात माउली प्रपंचाच्या ज्ञानाला विज्ञान म्हणतात आणि त्याला सत्य मानणे हे अज्ञान ठरवतात. प्रयोगशाळेतले विज्ञान आणि ते विज्ञान एक नव्हे. जुन्या ग्रंथात हा शब्द सापडला म्हणून त्या ग्रंथात आजचे शास्त्र होते, असे म्हणणारा आणि त्याच ओवीवरून संतांना विज्ञानविरोधी ठरवणारा, दोघेही एकाच ठिकाणी चुकतात.

मराठीची एक खास अडचण 'वाद' या प्रत्ययामुळे होते. आपण उत्क्रांतिवाद म्हणतो, सापेक्षतावाद म्हणतो आणि समाजवादही म्हणतो, म्हणून ऐकणाऱ्याला वाटते की हे सगळे एकेका पक्षाचे मत असावे. पटले तर घ्यावे, नाही तर सोडावे. प्रत्यक्षात सापेक्षतेचे गणित जमेस धरले नाही तर मोबाइलवरचा नकाशा तुम्हाला पारोळ्याऐवजी भलतीकडे उभे करील, कारण उपग्रहांवरची घड्याळे पृथ्वीवरच्या घड्याळांच्या तुलनेत दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि तो फरक रोज दुरुस्त करावा लागतो. शक्य तिथे 'उत्क्रांतीचा सिद्धान्त' म्हणावे. त्याने वाद संपणार नाही. निदान चुकीच्या जागी सुरू होणार नाही.

वाद, जल्प आणि वितंडा

न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्याकडच्या तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि ते आजही जसेच्या तसे उपयोगी पडतात. दोन्ही बाजू प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे सत्य शोधतात तो वाद; जिंकण्यासाठी छलासह (समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ काढण्यासह) वाटेल ते वापरतात तो जल्प; आणि स्वतःची कोणतीच बाजू न मांडता फक्त समोरच्याची मोडत बसतात ती वितंडा. बोलणे सुरू झाले की पहिल्या पाच मिनिटांत आपण यांतल्या कशात आहोत हे ओळखावे. ओळखण्याची खूण सोपी आहे. "काय दाखवले तर तुम्ही मत बदलाल?" असा प्रश्न समोरच्याला विचारावा आणि स्वतःलाही विचारावा. दोघांपैकी एकाचेही उत्तर "काहीच नाही" असे असेल, तर तो वाद नव्हे. तिथे चहा मागवावा आणि कपाशीच्या भावावर बोलावे.

छलाचे जुने उदाहरण मजेदार आहे. एकजण म्हणतो, हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे याच्याकडे नवी घोंगडी आहे; दुसरा म्हणतो, याच्याकडे नऊ घोंगड्या कुठे आहेत, एकच तर दिसते. आपण हसतो, पण "श्रद्धा म्हणता ना? मग बसमध्ये बसताना ड्रायव्हरवर श्रद्धा ठेवताच की!" हा आजचा युक्तिवाद त्याच जातीचा आहे. ड्रायव्हरकडे परवाना आहे, बस रोज पोचते हे आपण पाहिलेले आहे आणि उद्या ती उलटली तर आपले मत बदलेल. या विश्वासाला आणि परमेश्वरावरील श्रद्धेला एकच शब्द आहे म्हणून त्या दोन्ही एक होत नाहीत.

त्याच सूत्रांत पराभवाच्या बावीस जागा सांगितल्या आहेत, त्यांना निग्रहस्थाने म्हणतात. त्यांतली मतानुज्ञा प्रत्येकाने पाठ करावी. आपल्या बाजूवर आलेला दोष न खोडता "तुमच्याकडेही तो आहेच" असे म्हणणे म्हणजे मतानुज्ञा, आणि असे म्हणणारा दोष कबूल करून बसला असे नैयायिक, म्हणजे या न्यायदर्शनाचे अनुयायी, मानतात. आमच्या बुवाचे काय विचारता, त्यांच्या बाबाचे बघा. धर्माने माणसे मारली म्हणता, निधर्मी हुकूमशहांनी किती मारली ते बघा. ही वाक्ये कानावर पडली की समजावे, मूळ आरोपाला उत्तर नाही. हा नियम उलट दिशेनेही पाळायचा असतो: जो निकष पिराच्या उरुसाला लावला तोच पालखीला, आणि जो दुसऱ्याच्या ग्रंथातल्या चमत्काराला लावला तोच आपल्या ग्रंथातल्या चमत्काराला लावावा. हे जमत नसेल, तर आपण विज्ञानाची बाजू घेत नसून विज्ञानाचा झेंडा करून आपल्या जमातीची बाजू घेत आहोत, असे मी स्पष्टच म्हणेन.

आणि खंडनापूर्वी पूर्वपक्ष मांडावा. समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत असे सांगावे की त्याने मान डोलवून "हो, हेच म्हणतोय मी" म्हटले पाहिजे. तो तसे म्हणेपर्यंत आपली बारी येत नाही.

पाटण्याचे उदाहरण

ही सगळी पद्धत एका उदाहरणावर चालवून पाहू. चाळीसगावच्या दक्षिणेला, सातमाळ्याच्या डोंगररांगेच्या कुशीत, पाटणे येथे, पाटणादेवीचे देऊळ आहे. त्या परिसरात जैन लेणे आहे, डोंगर चढून गेले की पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत आणि देवळात एक शिलालेख आहे. बाराव्या शतकातले गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिले, असे तो शके ११२८ चा लेख सांगतो. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. (हा चांगदेव ज्योतिषी होता. तापी-पूर्णेच्या संगमावर ज्यांचे देऊळ आहे ते योगी चांगदेव वेगळे. आमच्याकडे हे दोघे सर्रास एक केले जातात.)

दर काही महिन्यांनी कोणी तरी अभिमानाने सांगतो, "न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी आपल्या खानदेशच्या भास्कराचार्यांनी गुरुत्वाकर्षण शोधून काढले." तरुण नास्तिक लगेच "हे सगळे थोतांड" असे उत्तर देतो, आणि तिथेच तो हरतो, कारण हे सगळे थोतांड नाही. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथातल्या गोलाध्यायात स्पष्ट म्हटले आहे की पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे, त्या शक्तीने ती आकाशातल्या जड वस्तूला आपल्याकडे ओढते, म्हणून ती वस्तू पडल्यासारखी दिसते. आणि भोवती सगळीकडे आकाश सारखेच असताना खुद्द पृथ्वी पडणार कुठे? हे आधी मोठ्याने, मनापासून मान्य करावे. मग शांतपणे सांगावे की यात काय नाही: ही ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते हा नियम यात नाही, आणि फळाचे पडणे व चंद्राचे फिरणे एकाच सूत्राने मोजणारे गणित यात नाही, ते न्यूटनच्या १६८७ सालच्या ग्रंथात आहे. उरला "खानदेशचे" हा शब्द. स्वतः भास्कराचार्य आपले गाव सह्याद्रीजवळचे विज्जडविड असे सांगतात आणि ते गाव नेमके कोणते यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांचे ग्रंथ शिकवण्याचा मठ आपल्या पाटण्याला होता, ही गोष्ट मात्र दगडावर कोरलेली आहे. एवढे सांगितल्यावर समोरचा माणूस रागावत नाही, असा माझा अनुभव आहे. उलट शिलालेख पाहायला कधी जायचे, असे विचारतो.

याच गोलाध्यायात ईश्वराच्या वादाला थेट लागू पडणारा युक्तिवाद आहे. पृथ्वीला शेषाने किंवा कूर्माने धरले आहे असे मानले, तर त्या आधाराला दुसरा आधार हवा, त्याला तिसरा, आणि असे कुठेच थांबता येणार नाही. याला अनवस्था म्हणतात. शेवटच्या आधाराला स्वतःच्या शक्तीने उभे राहता येते असे म्हणायचे असेल, तर तीच शक्ती पहिल्या पायरीलाच, म्हणजे पृथ्वीलाच, का मानू नये? "प्रत्येक गोष्टीला कर्ता असतो, म्हणून जगालाही कर्ता आहे" असे म्हणणाऱ्याला नास्तिक नेमके हेच विचारतो: मग कर्त्याचा कर्ता कोण?

आता इथे नास्तिकाने जिंकल्याची घाई करू नये, कारण हा पूर्वपक्ष त्याने अर्धवट मांडलेला आहे. नैयायिक "प्रत्येक गोष्टीला" असे म्हणतच नाहीत. जे जे कार्य आहे, म्हणजे जे उत्पन्न झालेले आहे, त्याला कर्ता असतो, असे ते म्हणतात, आणि ईश्वर उत्पन्न झालेला नसल्याने त्याला अनवस्था लागू होत नाही. हा पूर्वपक्ष मजबूत आहे. त्याला खरे उत्तर द्यायचे तर समग्र जग हे मडक्यासारखे कार्य आहे, हे तुम्ही कशावरून ठरवले, असे विचारावे लागते. बौद्धांनी, जैनांनी आणि वेदनिष्ठ मीमांसकांनीही नैयायिकांना तेच विचारले होते. आणि ज्या श्लोकात अनवस्थेचा युक्तिवाद आहे त्याच श्लोकाच्या शेवटी भास्कराचार्य म्हणतात की पृथ्वी ही अष्टमूर्ती शिवाचीच एक मूर्ती नव्हे काय. नास्तिकाने पहिल्या तीन ओळी उचलायच्या आणि आस्तिकाने चौथी, असे करू नये. उद्धृत करायचे तर पूर्ण करावे.

ग्रहणाचेही भास्कराचार्यांनी असेच केले. गणित पृथ्वीच्या आणि चंद्राच्या छायेचे केले, आणि आगमाशी, म्हणजे शास्त्रग्रंथांशी, विरोध नको म्हणून शंभूच्या वराने राहूच त्या छायेत शिरतो, असे सांगून मोकळे झाले. यातून एक फार कामाचा प्रश्न हाती लागतो: हा दावा खरा असेल तर काय वेगळे दिसायला हवे? राहू छायेत शिरला काय किंवा न शिरला काय, ग्रहणाची वेळ पळभरही बदलत नाही. अशा दाव्याशी विज्ञानाचे भांडण नाही, आणि त्याला विज्ञानाचा पाठिंबाही नाही. परंतु ग्रहणात गरोदर बाईने सुरी हातात घेतली तर मूल ओठ फाटलेले जन्मते, हा दावा वेगळा आहे. त्याने प्रसूतिगृहाच्या नोंदवहीत काही तरी वेगळे दिसायला हवे, म्हणून तो तपासता येतो आणि तपासलाच पाहिजे.

जाता जाता: सूर्य दोन आहेत हे जैनांचे मत खोडताना भास्कराचार्यांनाही 'द्वैगुण्य' (दुप्पट करणे) आणि 'वैगुण्य' (उणीव) अशी कोटी करून चिमटा काढल्याशिवाय राहवले नाही. आपण तेवढे मोठे गणिती नाही, तेव्हा चिमटे टाळावेत.

उत्क्रांतीसाठी कपाशीचे रान

उत्क्रांतीवर बोलताना माकडापासून सुरुवात करू नये; खानदेशात तरी बोंडअळीपासून करावी. बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. जमिनीतल्या एका जिवाणूचे जनुक तिच्यात घातलेले असते आणि त्यामुळे झाडातच अळीला मारणारे प्रथिन तयार होते. २००६ पासून दोन जनुकांचे वाण आले. सुरुवातीची वर्षे शेतकऱ्याने बोंड फोडून पाहिले तर आत अळी नसे. २०१७ च्या हंगामात मात्र महाराष्ट्रात त्याच बीटी कपाशीच्या बोंडात गुलाबी अळी ठाण मांडून बसली होती. अळी काही शाळेत जाऊन विष पचवायला शिकली नाही. लाखो अळ्यांत ज्या मोजक्या अळ्यांच्या अंगी जन्मतःच ते प्रथिन निष्प्रभ ठरवणारा फरक होता त्या वाचल्या, बाकीच्या मेल्या, वाचलेल्यांचीच पिढी पुढे वाढली, आणि आपण फरदड (हंगाम संपल्यावरही उभे ठेवलेले पीक) घेऊन तिला उन्हाळ्यापर्यंत खायला घातले. बियाण्याच्या पाकिटासोबत नॉन-बीटीची १२० ग्रॅमची पुडी याचसाठी येत होती: कडेच्या त्या ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा विष पचवणाऱ्या पतंगांशी संकर व्हावा आणि तो गुण पसरायला वेळ लागावा. ती पुडी आपण बांधावर फेकली. डार्विनने १८५९ मध्ये मांडलेली नैसर्गिक निवड आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच खर्चाने घडली.

समोरचा म्हणेल, "पण अळी अळीच राहिली ना? तिचा सरडा तर झाला नाही." हा आक्षेप योग्य आहे आणि त्याला टाळू नये. एवढ्या वर्षांत निवड कशी काम करते एवढेच कपाशीच्या रानात दिसते. प्राण्यांचे मोठे गट कसे वेगळे झाले त्याचा पुरावा जीवाश्मांत, शरीररचनेत आणि डीएनएच्या तुलनेत आहे, आणि तो वेगळा मांडावा लागतो. एकाच पुराव्यावर सगळ्या सिद्धान्ताचे ओझे टाकले की तो मोडतो आणि दोष सिद्धान्ताला लागतो. शिवाय एवढे झाल्यावरही ईश्वराने जग उत्क्रांतीच्या मार्गाने घडवले असे कोणी म्हणाला, तर तो जीवशास्त्राविरुद्ध बोलत नाही. राहूचा प्रश्न त्यालाही विचारावा आणि पुढे जावे.

गुण आला, असे म्हणणाऱ्याशी बोलताना

शेतात सर्पदंश झाला, मांत्रिकाने पाणी मारले, माणूस वाचला. हे सांगणारा खोटे बोलत नसतो. भारतातले बहुतेक साप बिनविषारी आहेत, आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे विषारी सापसुद्धा दर वेळी विष सोडतातच असे नाही. म्हणून मांत्रिकाकडे नेलेले बरेच जण, काहीही केले नसते तरी, वाचलेच असते. उरलेले गेले, आणि गेलेला माणूस पारावर येऊन अनुभव सांगत नाही. "वाचलेले किती?" एवढ्यावर न थांबता "नेलेले किती आणि न नेता वाचलेले किती?" हे तीन आकडे मागावेत. नवस, अंगारा, ताईत आणि खास गुण देणारी औषधे, सगळ्यांना हीच मोजणी पुरते. सर्पदंश झालेल्याला वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगावे. परंतु प्रत्यक्ष दंश झालेला असताना यांतले काहीच बोलत बसू नये, गाडी काढावी आणि प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे.

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला, त्या दिवसाची आठवण पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला आहे. पृष्ठताणामुळे चमच्यातले दूध मूर्तीकडे ओढले जाते आणि पातळ थराने खाली ओघळते, असे तेव्हा शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवले. हे समजावताना "तुम्ही किती भोळे" हा सूर लावला की माणूस दूध विसरतो आणि सूर लक्षात ठेवतो. त्यापेक्षा चमचा आणि हळदीचे दूध त्याच्या हाती द्यावे.

शास्त्रज्ञांची नावे फेकू नयेत

"न्यूटनसुद्धा देव मानायचा" आणि "अमका नोबेल विजेता नास्तिक होता" ही दोन्ही वाक्ये सारखीच निरुपयोगी आहेत. १९७९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले त्यांत अब्दुस सलाम हे श्रद्धाळू मुसलमान होते आणि स्टीव्हन वाइनबर्ग हे उघड नास्तिक. दोघांनी एकाच सिद्धान्तावर काम केले आणि ते गणित दोघांनाही सारखेच लागू पडले. विश्वाचा प्रसार गणिताने मांडणारे जॉर्ज लेमैत्र कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोपनी विश्वारंभाच्या कल्पनेत बायबलमधल्या सृष्टिनिर्मितीला दुजोरा पाहिला, तेव्हा आपला सिद्धान्त धर्माच्या पुराव्यासाठी वापरला जाणे खुद्द लेमैत्र यांना पसंत नव्हते. महास्फोट कुराणात, वेदात किंवा बायबलात आधीच होता, असे सांगणाऱ्याला हे उदाहरण द्यावे. आणि "विज्ञानाने देव नाही असे सिद्ध केले" असे म्हणणाऱ्या माझ्यासारख्यालाही ते द्यावे, कारण असे कोणत्याही प्रयोगाने सिद्ध केलेले नाही. मी देव मानत नाही त्याची कारणे पुराव्याचा अभाव आणि निरपराधांचे दुःख ही आहेत, आणि ती तत्त्वज्ञानाची कारणे आहेत.

कायद्याचे थोडक्यात. विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन वाढवणे हे १९७६ पासून संविधानाच्या अनुच्छेद ५१क प्रमाणे नागरिकाचे कर्तव्य आहे, आणि अनुच्छेद २५ प्रमाणे धर्म पाळण्याचे स्वातंत्र्यही आहे. धार्मिक भावना जाणूनबुजून व दुष्ट हेतूने दुखावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा आहे. मतावर टीका करावी, माणसाच्या आईबापावर, जातीवर आणि पूज्य व्यक्तीच्या शरीरावर करू नये. लेखी बोलताना तर लिहिलेले एकदा मोठ्याने वाचून मगच पुढे पाठवावे.

दहाव्याच्या मांडवात, रुग्णाच्या खाटेशेजारी आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पितरांची घागर भरताना वाद काढू नये. आई गेलेल्या माणसाने ती वरून पाहते आहे असे म्हटले, तर तो आत्म्याच्या अमरत्वाचा सिद्धान्त मांडत नसतो.

थांबायचे कसे, हे बहुतेकांना येत नाही. तेच वाक्य तिसऱ्यांदा आले की थांबावे. थांबताना दोघांना काय मान्य झाले ते एका ओळीत आणि काय राहिले ते दुसऱ्या ओळीत लिहून काढावे, आणि जे माहीत नाही त्यापुढे "पाहून सांगतो" असे लिहून खरोखरच पाहून सांगावे. माझ्या पुतण्याशी, जो माझ्यापेक्षा पुष्कळ श्रद्धाळू आहे, मागच्या हिवाळ्यात पाटण्याहून परतताना झालेल्या वादाचा असा कागद माझ्याकडे आहे. त्यावर मान्य या रकान्यात "शिलालेख शके ११२८ चा, मठ होता" एवढेच आहे, आणि राहिले या रकान्याखाली त्याने माझ्या पेनाने लिहिले आहे: "पृथ्वीची शक्ती पृथ्वीला कोणी दिली? काका, पाहून सांगा."